मायनस अठराची झोप

धनेश परुळेकरला थंडी सोसत नाही, हे मस्कतमध्ये एकाच माणसाला पुरतं ठाऊक होतं, आणि ती त्याची बायको होती. वासंतीला रात्री एसी अठरावर लागायचा, धनेशला सव्वीसवर. लग्नाला बरीच वर्षं झाली, एसी अठरावरच राहिला. वाद निघाला की वासंतीचं वाक्य ठरलेलं होतं : "थंडी वाजते तर पांघरूण घे. मला उकडलं तर मी काय कातडी काढून ठेवू?" या वाक्याला धनेशला अजून उत्तर सापडलं नव्हतं. तो पायात मोजे घालून, डोक्याला माकडटोपी चढवून, दोन सोलापुरी चादरींखाली गुडघे पोटाशी घेऊन झोपे. खिडकीबाहेर मदिनत सुलतान काबूस या त्यांच्या वस्तीतली झाडं उकाड्याने मान टाकून उभी असत.

नोकरी मात्र त्याला मासे गोठवणाऱ्या कंपनीत मिळाली होती. तो तिथे खरेदी विभागाचा मॅनेजर होता. पुठ्ठ्याच्या खोक्यांपासून कॉम्प्रेसरपर्यंत सगळं तोच घेई. कोल्ड स्टोअरमध्ये तो नोकरीच्या पहिल्या आठवड्यात एकदा गेला होता, आणि बाहेर येताच त्याने ठरवलं होतं, की या खोलीला लागेल ते आपण विकत घेऊ, पण पुन्हा आत पाऊल टाकणार नाही. हा शब्द त्याने आजवर पाळला होता.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला खल्फानने त्याला केबिनमध्ये बोलावलं. खल्फान कंपनीचा मालक. सगळे त्याला अर्बाब म्हणत. पन्नाशीचा, काटक माणूस. कामगारांत वाढल्यामुळे हिंदी फर्मास बोलणारा. दर नोव्हेंबरात तो किर्गिझस्तानात डोंगरी बोकडाच्या शिकारीला जाई. ओमानात शिकार करता येत नाही, तिकडे रीतसर परवाना काढून करता येते. दिवसभर घोड्यावरून चढायचं, रात्री बर्फाच्या कडेला तंबूत पडायचं, आणि नशीब असलं तर शिंगांची एक जोडी घेऊन परत यायचं, असा तो कार्यक्रम. बरोबर कायम त्याचा चुलतभाऊ असे. यंदा चुलतभावाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं.

"दोन माणसांचं बुकिंग आहे," खल्फान म्हणाला. "तू चल."

"मी?"

"तुमच्या घरात शिकारी होते ना? तूच सांगितलंस."

सांगितलं होतं खरं. मागे कधीतरी कहवा पिताना खल्फान शिंगांचे फोटो दाखवत होता, तेव्हा धनेशच्या तोंडून निघून गेलं होतं, की आमच्या आजोबांनी कोकणात रानडुकरं मारली. आजोबांनी मारली नव्हती. आजोबा हाकाऱ्यात डबा वाजवायचे, आणि डुक्कर आपल्या बाजूला वळलं की डबा टाकून फणसावर चढायचे. पण एवढा तपशील कहव्याच्या त्या चिमुकल्या कपात मावला नव्हता.

"इन्शाल्ला," धनेश म्हणाला.

अर्बाबला त्याने कधी सरळ नाही म्हटलेलं नव्हतं. इन्शाल्ला म्हणायचं आणि विषय आपोआप मरायची वाट बघायची, ही त्याची रीत. पुष्कळ विषय असे मेले होते. हा मेला नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिसातला माणूस पासपोर्ट मागायला आला.

घरी वासंती इतकी हसली, की तिला हातातला झारा खाली ठेवावा लागला.

"तू? तंबूत? अरे, मॉलमध्ये आइस्क्रीमच्या काउंटरसमोरून जाताना तू जॅकेटची चेन लावतोस."

"हसू नकोस. काय करू ते सांग."

"जमणार नाही म्हणून सांग."

"अर्बाबला?"

"मग जा."

"मरेन मी तिथे."

"बरं. मग सांगूही नकोस आणि जाऊही नकोस. तिसरं काही सुचलं तर कर, आणि तोवर ही कोथिंबीर निवड."

तिसरं काही त्याला सुचलं नाही. ते सुचलं खल्फानला.

"स्लीपिंग बॅगा घ्यायच्या आहेत," चार दिवसांनी खल्फान म्हणाला. "माझी जुनी बॅग फार्मवरच्या मांजरीने घेतली. त्यात तिने पिल्लं घातली, आता काढून घेणं बरं दिसत नाही. तू खरेदीचा माणूस. माझ्यासाठी मस्कतमधली सगळ्यात गरम बॅग आण. तुझ्यासाठी तुला हवी ती."

"जी, अर्बाब."

"आणि एक. बंदूक मी आधी निशाण्यावर तपासतो, मग नेतो. बॅगही तपासणार. आपल्याकडे मायनस अठरा घरचं आहे. दोघांनी कोल्ड स्टोअरमध्ये एक तास झोपायचं. ज्याला तास काढता येत नाही, त्याने डोंगरात यायचं नाही. मागे एक दोस्त दुसऱ्याच रात्री रडायला लागला. त्याला खाली पोचवेपर्यंत बोकड चीनमध्ये निघून गेला."

धनेशने चेहरा गंभीर ठेवला. आतून मात्र त्याच्या मनात सनई-चौघडा सुरू झाला होता. नाही म्हणायला नको, खोटं आजारपण नको, आजोबांची अब्रू जायला नको. आत जायचं, दहा मिनिटांत कुडकुडत बाहेर यायचं, आणि जड अंतःकरणाने म्हणायचं : अर्बाब, मन तयार होतं हो, पण शरीराने दगा दिला. यापेक्षा सभ्य सुटका कुठल्या वकिलाने दिली असती?

फक्त बॅग नीट निवडायला हवी होती. म्हणजे, वाईट.

त्याच्या मनात अर्बाबबद्दल मात्र काडीचं पाप नव्हतं, हे सांगायला हवं. अर्बाबला खरोखर उत्तम बॅग मिळावी, त्याने सुखाने झोपावं, बोकड मारावा, असंच त्याला वाटत होतं. खरेदीत त्याने आजवर कुणाला फसवलं नव्हतं. या वेळीही तो फक्त स्वतःलाच फसवणार होता.

बौशरच्या मॉलमध्ये कॅम्पिंगच्या सामानाचं एक मोठं दुकान होतं. तिथला विक्रेता ताबिश नावाचा लखनौचा तरुण होता. त्याने स्लीपिंग बॅगांचं पूर्ण शेल्फ धनेशसमोर उघडं केलं आणि विचारलं, "सर, किती थंडीसाठी?"

"दाखव सगळ्या. मी बघतो."

धनेशने बघितलं म्हणजे उचललं. पांघरुणाची ऊब वजनात असते, हे त्याला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. सोलापुरी चादर हातात तोलून घेतात. घोंगडी खांद्यावर टाकून बघतात. खांदा वाकला तर घेतात. त्याच्या आईने लग्नात दिलेली गोधडी दोघांनी मिळून धुवावी लागे, आणि तिच्याखाली पाऊसकाळातसुद्धा घाम फुटे. जे अंगावर जाणवत नाही, ते थंडीला काय जाणवणार?

तिसऱ्या की चौथ्या बॅगेला हात घालताच त्याच्या मनगटाने कौल दिला. हिरवीगार, जाडजूड, उचलताना कंबर आठवावी अशी. वर तळहाताएवढ्या अक्षरांत छापलेलं : मायनस २०.

"ही एक," तो म्हणाला. "ही साहेबांना. आता एक अशीतशी दाखव."

"अशीतशी?"

"म्हणजे साधी. दिसायला बरी, पण साधी."

ताबिश गोंधळला. धनेशची नजर तोवर कोपऱ्यातल्या टोपलीत गेली होती. सत्तर टक्के सूट असं लाल कागदावर लिहिलं होतं, आणि खाली फुटलेले टॉर्च, एकेकटे पडलेले बूट अशा मंडळींत एक नारिंगी गाठोडं पडलं होतं. लहान कलिंगडाएवढं. त्याने उचललं, तर हात अपेक्षेपेक्षा वर गेला. आत काही आहे की नाही अशी शंका यावी. कापड इतकं पातळ, की पावसाळी टोपीलाही चाललं नसतं. कोपऱ्यात बारीक आकडा होता : मायनस १२.

"यात काय भरलंय?"

"हंसाची पिसं, सर. पोटाखालची."

"पिसं." धनेशने समाधानाने मान हलवली. "आणि इतकी सूट का?"

"तीन वर्षं पडून आहे, सर. मस्कतमध्ये कुणी घेत नाही. कारण असं, की ही—"

"कारण कळलं."

"सर, पण हे आकडे जे असतात ना, ते प्रत्येक कंपनी वेगळे छापते. या हिरव्या बॅगेवर जे मोठं लिहिलंय, ते—"

"भाई," धनेशने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, "मी केस काळे असल्यापासून खरेदीत आहे. जो माल खपत नाही, त्याच्याबद्दलच दुकानदार जास्त बोलतो. दोन्ही बांध."

ताबिशने एकदा हिरव्या बॅगेकडे बघितलं, एकदा नारिंगीकडे, आणि गिऱ्हाईक देव असतो हे आठवून बिल केलं.

रविवारी, म्हणजे तिथल्या कामाच्या दिवशी, दुपारी जेवणाच्या सुट्टीत, दोघे कोल्ड स्टोअरसमोर उभे राहिले. बाहेर डांबर मऊ झालं होतं. कोल्ड स्टोअरचा सुपरवायझर एकनाथ हा मालवणचा. आयुष्याचा बराच भाग त्याने त्या दाराच्या आतबाहेर काढला होता. त्याने धनेशला लोकरी बनियन आणि लेंग्यात बघितलं आणि तो कामच विसरला.

"साहेब, तुमी आत जातलास? तुमी?"

"हो. टेस्ट आहे."

"मागच्या वेळी नुसतो दरवाजो उघडो ऱ्हवलो तेव्हा तुमी वरच्या ऑफिसात स्वेटर घातलो व्हतो."

"एकनाथ, तू दारापाशी थांब. मी हात वर केला की लगेच बाहेर काढायचं. लगेच म्हणजे लगेच."

"आणि अर्बाबान हात वर केलो तर?"

"तो नाही करणार," धनेश म्हणाला. "त्याची बॅग मी स्वतः निवडली आहे."

आत सुरमईच्या खोक्यांच्या दोन भिंतींमध्ये लाकडी पॅलेट मांडून त्यावर फोमचे तुकडे टाकले होते. वर पंखे घोंघावत होते. पहिल्याच श्वासाला धनेशच्या नाकातले केस ताठ उभे राहिले. खल्फान हिरव्या बॅगेत शिरला, चेन ओढली आणि राजासारखा आडवा झाला. धनेशने नारिंगी गाठोडं पिशवीतून उपसलं. सुटताच ते अंग झाडून फुगायला लागलं. कलिंगडाची गादी झाली, गादीची होडी झाली. आकार खाली निमुळता, वर रुंद. शेजारच्या खोक्यांवर छापलेल्या सुरमईसारखाच. नुसती हवा, धनेशने मनात म्हटलं, आणि आत सरकला. डोक्याभोवतीची दोरी ओढली, तशी फक्त नाक बाहेर राहिलं.

त्याने तयारी करून ठेवली होती. आधी हलका खोकला. मग दात वाजवणं. ते त्याने घरी आरशासमोर करून बघितलं होतं, आणि वासंती म्हणाली होती, की हे तर तुझं रोजचंच आहे. मग थरथर. मग हात.

पहिली काही मिनिटं कापड गार लागलं, आणि तो खूश होता. खोकून घेतलं. पलीकडून खल्फान म्हणाला, "सर्दी?" "नाही अर्बाब, ठीक आहे," असं त्याने शूर आवाजात सांगितलं, कारण शूर माणूस पडला तरच लोक हळहळतात.

मग काहीतरी झालं. आधी ते पाठीत झालं, मग पोटात. आपल्याच अंगाची उष्णता बाहेर जायला निघाली होती आणि पिसांपाशी अडून, वळून, परत येत होती. मांड्या सैलावल्या. गुडघे, जे अनेक वर्षं रात्री पोटाशी राहिले होते, ते आपण होऊन सरळ झाले. शेवटी ऊब पायांच्या बोटांत पोचली. धनेशला वाटलं, ही बोटं आपली आहेत की कुणाची? लग्नाआधी ती अशी लागायची, कुडाळच्या घरी, चुलीमागच्या खोलीत.

आता दात वाजवायला हवेत, त्याने ठरवलं.

थोड्या वेळाने वाजवू, त्याने ठरवलं.

वरचे पंखे घुमत होते, पण ते दुसऱ्या कुणासाठी. अर्बाबच्या बाजूने एक कण्हल्यासारखा आवाज आला, तोही फार लांबून. हात वर करायचा आहे, हे धनेशला आठवत होतं. कुठला हात, यावर विचार करता करता त्याचा डोळा लागला.

जाग आली तेव्हा एकनाथ त्याला दोन्ही खांदे धरून हलवत होता. मागे फ्रीझरची जॅकेटं घातलेले पाच-सहा कामगार उभे होते. एकाने मोबाइल धरला होता.

"घोरतत म्हणजे जित्ते आसत," एकनाथ मागे वळून सगळ्यांना सांगत होता. "मी म्हटलंय तुमका."

"तास झाला?" धनेशने विचारलं. तोंडातून लाळ आली होती ती बॅगेच्या काठावर गोठली होती.

"तास कधीच झालो, साहेब. तुमका तीनदा हाक मारलय. जेवणाची सुट्टी संपली. माझो माल बाहेर जावचो आसा, आणि तुमी वाटेत घोरतास."

"आणि अर्बाब?"

एकनाथने उत्तर द्यायच्या आधी दाराकडे बघितलं, आणि आवाज खाली आणला. "ते अर्ध्या तासाच्या आतच भायेर गेले. ओठ निळे. चेन अडाकली व्हती, दोघांनी ओढून काढलव. पयल्यांदा काय बोलले ता अरबी व्हता, आणि ता माका येणा नाय, ह्या बरा आसा."

धनेश बॅगेत उठून बसला. आजूबाजूला मायनस अठरा तसंच होतं. आत मात्र ऊबदार, आणि त्या उबेत त्याला हळूहळू, तपशीलवार, आपण काय केलं ते कळायला लागलं.

केबिनमध्ये खल्फान दोन्ही हातांत चहाचा ग्लास धरून बसला होता. एसी बंद होता. खांद्यावर ड्रायव्हरचा कोट होता. धनेश आत येताच तो उठला आणि त्याने धनेशच्या दोन्ही गालांना गाल लावले. अर्बाबचे गाल बर्फाच्या लादीसारखे होते.

"मी वीस वर्षं डोंगरात जातोय," खल्फान म्हणाला. "असा माणूस बघितला नाही. मायनस अठराला घोरतोय! किर्गिझ लोक तुझ्याकडे शिकायला येतील. तुझ्या आजोबांना अल्लाने जन्नत द्यावी."

"अर्बाब, नियम होता—"

"कुठला?"

"ज्याला तास काढता आला नाही, त्याने डोंगरात जायचं नाही."

खल्फानचा चहाचा ग्लास वाटेत थांबला. धनेशला आपलं वाक्य ऐकू आलं, आणि नोकरी, फ्लॅट, गाडी हे सगळं त्याच्या डोळ्यांसमोरून रांगेने गेलं.

"म्हणजे," तो घाईने म्हणाला, "तुमच्याबद्दल नाही. माझ्याबद्दल. मी टिकलो हे खरं नाही. मी टिकणारा माणूसच नाही. ती बॅगेची करामत आहे. वासंतीला विचारा, मी घरी माकडटोपी घालून झोपतो. माझ्यात काही नाही, अर्बाब. सगळं बॅगेत आहे."

"नक्की?"

"वल्ला. शप्पथ."

खल्फानने ग्लास खाली ठेवला. खरेदीच्या बैठकीत कुणी भाव पाडून दिला की त्याच्या चेहऱ्यावर जी शांती येई, ती आली.

"मग तर प्रश्नच मिटला," तो म्हणाला. "मी नापास झालो नाही, बॅग झाली. तू पास झाला नाहीस, बॅग झाली. ती नारिंगी मी घेतो."

"घ्या ना! जरूर घ्या!" धनेशचा जीव भांड्यात पडला. "आणि मग मी—"

"तू हिरवी घे."

जीव भांड्यातून पुन्हा बाहेर आला.

"पण अर्बाब, हिरवी तर तुम्हाला—म्हणजे तुम्ही स्वतःच त्यात—"

"ती कुणी निवडली?"

"मी."

"मी काय सांगितलं होतं? मस्कतमधली सगळ्यात गरम बॅग आण. तू माझ्यासाठी ही आणलीस. माझा खरेदी मॅनेजर अर्बाबसाठी वाईट वस्तू आणेल?"

या प्रश्नाला दोन उत्तरं होती. एकाने नोकरी जात होती, दुसऱ्याने बोटं. धनेशने क्षणभर दोन्ही तोलून बघितली, सवयीप्रमाणे वजनावर.

"नाही, अर्बाब."

"खलास. जी मला चालली असती, ती तुला चालेल. आणि तुझे आजोबा तर म्हणे धोतरावर शिकारीला जायचे."

हेही त्याने कधीतरी सांगितलं होतं.

संध्याकाळी धनेश दुकानात पोचला तेव्हा ताबिश टोपलीतले बूट जोड्या लावून बघत होता.

"ती नारिंगी," धनेश दारातूनच म्हणाला. "दुसरी दे."

"दुसरी नाही, सर. चुकून एकच आली होती. इथे मायनस बाराला आरामात झोपायची बॅग कोण घेणार? मी तुम्हाला तेच सांगत होतो. हिच्यात इथे माणूस वाफवून निघेल."

"मागव."

"दीड महिना लागेल."

"मी तीन आठवड्यांनी जातोय."

ताबिशने डोक्याला हात लावला नाही, पण लावल्यासारखा चेहरा केला. मग त्याने जे होतं ते दिलं : आत घालायची लोकरीची खोळ, खाली अंथरायची जाड चटई आणि रबरी गरम पाण्याची पिशवी. "आणि सर, डोक्यावरून घेऊन आत श्वास सोडत झोपू नका. आतून ओलं होतं, मग गारठतं."

"डोक्यावरून न घेता माणसाला झोप कशी येते?" धनेशने विचारलं. त्याला ही पद्धत खरोखरच माहीत नव्हती.

"ते मी सांगू शकत नाही, सर. मी लखनौचा आहे, आम्ही पण डोक्यावरूनच घेतो."

शुक्रवारी दुपारी जेवणं झाल्यावर वासंतीने चष्मा लावला आणि हिरव्या बॅगेचं लेबल हातात घेतलं. आतापर्यंत ते कुणीच वाचलं नव्हतं. लेबल शिवणीत होतं, आणि धनेशने वजन केलं होतं.

"तीन आकडे आहेत," ती म्हणाली. "आरामात झोपायला : शून्य."

"शून्य कुठे, मायनस वीस आहे. एवढं मोठं छापलंय."

"ऐक तर. कशीबशी झोप लागायला : मायनस सहा. आणि हा तुझा मायनस वीस." तिने लेबल डोळ्यांजवळ नेलं. "त्याच्यापुढे बारीक अक्षरांत लिहिलंय, की एवढ्या थंडीत माणूस यात सहा तास जिवंत राहू शकतो."

"आणि सातव्या तासाला?"

वासंतीने लेबल उलटून बघितलं. "मागे कसं धुवायचं ते आहे."

धनेशने बॅग तिच्या हातातून ओढून घेतली. मग उठला, लोकरी बनियन चढवलं, त्यावर स्वेटर, मोज्यांवर मोजे, माकडटोपी. बेडरूममध्ये जमिनीवर चटई अंथरली, त्यावर हिरवी बॅग, आत खोळ. आत शिरून चेन गळ्यापर्यंत ओढली. मग एक हात बाहेर काढून बाजूच्या स्टुलावरचा एसीचा रिमोट घेतला आणि बटण दाबत गेला. अठरा. सतरा. सोळा. त्याखाली यंत्र जाईना.

"हे काय?" वासंतीने दारातून विचारलं.

"सराव. आजपासून जायच्या दिवसापर्यंत, रोज."

"कर बाबा कर," म्हणत ती पुस्तक घेऊन पलंगावर आडवी झाली. रिमोट धनेशच्या हातात होता. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच, आणि त्या कारणाने त्याला क्षणभर बरंही वाटलं. पण डोकं बाहेर ठेवायचं होतं, आणि एसीचा झोत नेमका नाकावर येत होता. हिरवी बॅग अंगावर कपाटासारखी पडली होती. जड, आणि तिच्या जडपणाचा थंडीवर काही एक परिणाम होत नव्हता. आधी पाय गेले. मग गुडघे निमूटपणे पोटाशी आले.

बराच वेळ गेला. पुस्तकाची पानं उलटायची थांबली. पलंग करकरला, कपाटाचं दार उघडलं, बंद झालं. मग वरून वासंतीचा आवाज आला. तिने शाल गुंडाळली होती तरी तो आवाज थोडा हलत होता.

"धनेश, अठरा कर ना रे. फार गार होतंय."

या वाक्यासाठी धनेश अर्ध्या आयुष्यापासून तयार होता. उत्तर तिचंच होतं, तिनेच त्याच्याकडून शब्दन् शब्द पाठ करून घेतलं होतं. त्याने मान वळवली, तोंड उघडलं.

"पां," तो म्हणाला. "पां... पां... पां..."

दातांनी त्याला पुढे जाऊच दिलं नाही. वासंतीने वाकून खाली बघितलं, आणि त्याच्या हातातून रिमोट काढून घेतला. आरशासमोरची दात वाजवायची तालीम आठवून तिने एवढंच म्हटलं, की आता मात्र छान जमतंय.